नवऱ्याच्या जागेवरची सही

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, याची मला खात्री नाही. वाढती लोकसंख्या, गरिबी, विकसनशील देश हे शब्द मी वर्गात ऐकले, वहीत उतरवून घेतले आणि परीक्षेत लिहिले. त्यावर बोलणारी माणसं वेगळी असतात. त्यांच्याकडे तक्ते असतात, अभ्यास असतो. माझ्याकडे फक्त एका बाईची हकिकत आहे, आणि ती बाई माझी सख्खी बहीण आहे. तिला वाचता येत नाही, म्हणजे मी तिच्याबद्दल काय लिहिलं हे तिला तपासताही येणार नाही. एवढ्या एका कारणासाठी तरी मी गप्प बसायला हवं होतं. तरी लिहितो आहे. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

आमचं घर नाशिकच्या पश्चिमेला, पेठच्या बाजूच्या डोंगरात. भात आणि नागली एवढंच पीक. भात कापून झाला की पाड्यावरची निम्मी माणसं टेम्पोत बसून पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागांत जायची, ती होळीला परत यायची. न्यायला मुकादम यायचा. तो घरात माणसं किती असं कधी विचारत नसे. अंगणात उभा राहून विचारायचा, "हात किती?" बागेचं काम एकरावर उक्तं मिळायचं. जेवढे हात जास्त तेवढा एकर लवकर उरकायचा, आणि पुढचा एकर दुसऱ्या टोळीच्या आधी हाती यायचा. घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढायचे असतात, त्याला विरळणी म्हणतात. त्या कामाला लहान बोटं चांगली, असं मुकादमच सांगायचा. माझ्या आईला आठ मुलं झाली. आम्ही पाच जगलो. मी सहावा. माझ्या जन्माच्या वेळी ताई दुसरीत होती. आई बागेत जायला लागली तेव्हा मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ताईची शाळा सुटली. हे घरात कुणी दुःखाने सांगत नसे. पावसाने बांध फुटला असं सांगावं, तसं सांगायचे.

पुढे मी आश्रमशाळेतून बारावी झालो आणि नाशिकला कॉलेजात आलो, वसतिगृहात राहू लागलो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुसऱ्या वर्षाला सरांनी लोकसंख्येवर निबंध लिहायला सांगितला. मी मन लावून लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'गरीब लोक अज्ञानामुळे जास्त मुले जन्माला घालतात व त्यामुळे अधिक गरीब होतात.' सरांनी त्याच्याखाली रेघ मारून 'छान' असं लिहिलं.

त्या डिसेंबरात एका रविवारी मी पिंपळगावजवळच्या बागेवर ताईला भेटायला गेलो. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या पालांत त्यांची टोळी उतरली होती. सोबत वही नेली होती. का नेली, आता सांगता येत नाही. बहुधा तो 'छान' दाखवायचा होता. ताई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी निबंध वाचून दाखवला. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "मंग आईनं कुठं थांबाया पायजे होतं? पाचाला?"

मी वहीचं पान उलटलं.

"पाचाला थांबली असती तर ही वही कुणी लिवली असती रं?" असं म्हणून ती हसली. शेजारच्या पालातली म्हातारीही हसली. "भाऊ लय शिकला तुझा," म्हातारी म्हणाली, "आता आमाला मोजायला आला."

मी वही पिशवीत घातली. ताईने हसू आवरलं, इकडेतिकडे बघितलं आणि मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. तिथे तिने जे सांगितलं ते मी ऐकून घेतलं, पण नीट समजायला मला परत वसतिगृहापर्यंतचा सगळा प्रवास लागला.

ताईची तेव्हा सहा बाळंतपणं झाली होती. चार मुलं जगली होती. तीन मुली आणि एक मुलगा. धाकटी वर्षाची, अंगावर पिणारी. तिच्या वेळी ताईला इतका रक्तस्राव झाला होता की आमच्याकडच्या नर्सबाईंनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "पुढचं झालं तर तू वाचायची नाहीस. अंगात रक्तच नाही तुझ्या." ताईने ऑपरेशनचं दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दोनदा विचारलं. दाजी म्हणाले, आईला विचार. सासू म्हणाली, "एका पोरावर थांबायचं? ह्या अंगणातून दोन गेली, ते मी इसरू? त्याला ताप आला तर मला घास जात नाय." सासू दुष्ट नव्हती. त्या मुलाला खरोखरच सारखा ताप यायचा.

"महिना चुकला की मी रातभर दिस मोजत बसते," ताई म्हणाली. "येत्या बुधवारी सरकारी दवाखान्यात शिबिर हाय. हे आज मुकादमासंगं पाड्यावर गेलेत, माणसं आणायला. गुरुवारपर्यंत येत नाय. तू येतो का सांग. येत नसशील तर मी एकलीच जाईन, पण एकलीला घेत नाय म्हणतात."

"दाजींना कळलं तर?"

"कळंल तवा कळंल. मी मेले तर त्यांना काय करून घालू?"

मी येतो म्हणालो. मला फार धाडस वाटलं होतं असं नाही. तिने कधीच माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

बुधवारी सकाळी आम्ही टेम्पोने निघालो. तीन मोठी मुलं म्हातारीकडे ठेवली. धाकटी ताईच्या कडेवर. टोळीला सांगितलं होतं की दात दुखतोय, दाताच्या डॉक्टरकडे नेतोय. सगळ्या रस्त्यात ताई गालाला पदर लावून बसली होती. टेम्पोत ओळखीचं कुणी नव्हतं, तरीही.

ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात वीस-पंचवीस बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. उपाशीपोटी आलेल्या, म्हणून सगळ्यांचे ओठ कोरडे. काहींच्या सोबत नवरे, काहींच्या सोबत त्यांना घेऊन आलेल्या शिक्षिका किंवा नर्स. एक शिक्षिका बायकांची हजेरी घ्यावी तशी नावं घेत फिरत होती. टेबलाशी एक कारकून फॉर्म भरत होता. आमचा नंबर आला. त्याने वर न बघता विचारलं, "नवरा कुठाय?"

मी 'बाहेरगावी' असं म्हणायला तोंड उघडलं होतं. ताई माझ्या आधी म्हणाली, "हा काय."

कारकुनाने माझ्याकडे बघितलं. माझ्या कडेवर धाकटी होती. खिशाला पेन होतं. "शिकलेला दिसतोय," तो म्हणाला, "मग तूच भर की बाबा. माझा हात दुखायला लागला."

मी बाजूला बाकावर बसून फॉर्म भरला. माझे कान तापले होते. ताई दुसरीकडे बघत होती. आम्ही दोघांनी मग तास-दोन तास एकमेकांकडे पाहिलंच नाही. फॉर्ममध्ये वय, मुलांची संख्या, शेवटच्या मुलाचं वय, पूर्ण पत्ता असे रकाने होते. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं. मी ताईच्या सासरचा पाडा लिहिला, गाव लिहिलं, पोस्ट लिहिलं, तालुका लिहिला. जवळचं उपकेंद्रही लिहिलं. सगळं खरं. एकच गोष्ट खोटी होती. खाली पतीची सही अशी जागा होती. तिथे मी दाजींचं नाव लिहून सही केली. चांगली वळणदार, खाली रेघ ओढून. माझी स्वतःची सही मी वहीच्या शेवटच्या पानांवर गिरवून बसवली होती, तशीच. दाजी अंगठा लावतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. आमच्या घरात मी सोडून सगळेच अंगठा लावतात, तरीही माझ्या लक्षात आलं नाही.

ताईच्या बोटाला टोचून रक्त घेतलं. नर्सने नळी उजेडात धरली, मग डॉक्टरांना दाखवली. "काठावर आहे," डॉक्टर म्हणाले. ताईने त्यांच्याकडे बघितलं आणि हात जोडले. डॉक्टरांनी नळी पुन्हा उजेडात धरली. "घ्या," म्हणाले, "पण गोळ्या द्या हिला. आणि हिचा नवरा कोण? तू? सात दिवस वजन उचलू द्यायचं नाही. कळलं?"

"हो," मी म्हणालो.

तिला आत नेलं. धाकटी रडायला लागली. मी तिला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या, बिस्कीट दिलं, झाडावरचे पक्षी दाखवले. तिला आई हवी होती. आतून एकेक बाई हाताला धरून बाहेर आणत होते आणि खाली अंथरलेल्या सतरंजीवर ओळीने झोपवत होते. प्रत्येक वेळी दार उघडलं की मला वाटायचं आता ताई. तिच्यानंतर आत गेलेल्या दोघी बाहेर आल्या. तिसरी आली. ताई येईना. मी दाराशी गेलो तर शिपायाने मागे ढकललं. "थांब रे, बायको पळून जात नाही."

त्या वेळात माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला मला अजून लाज वाटते. ताई मेली तर मी काय करीन, यापेक्षा ताई मेली तर फॉर्मवर सही कुणाची आहे, हे आधी मनात आलं.

शेवटी तिला आणलं. चेहरा पांढरा, डोळे अर्धवट मिटलेले. रक्त थांबत नव्हतं, जरा वेळ लागला, असं नर्स म्हणाली. नंतर मला हाक मारून ती ओरडली, "अहो, बघत काय बसलात? बायकोला चहा पाजा!"

ताईला हसू आलं. पोटात कळ गेली असावी, कारण हसता हसता तिने माझा हात गच्च धरला. "नको हसवू गं बाई," ती पुटपुटली. मग तिने डोळे मिटले आणि धाकटीला अंगावर घेतलं.

त्याच संध्याकाळी मी तिला पालावर परत सोडलं. गुरुवारी संध्याकाळी दाजी येणार होते. ताई एकच दिवस पडून राहिली, दात काढला म्हणून. शुक्रवारी ती घडाखाली कात्री चालवत होती. हे मला नंतर म्हातारीने सांगितलं. बसूनच खालचे घड करायची, उठताना मांडवाचा खांब धरायची. पट्टी म्हातारीने पाहिली होती, पण ती बोलली नाही. असे पंधरा दिवस गेले. मग तीन आठवडे. मला वाटलं निभावलं.

मी भरलेला पत्ता मात्र आपलं काम करत होता. दवाखान्यातून कागद आमच्या भागातल्या उपकेंद्रात पोहोचला. नर्सबाई, त्याच ज्यांनी ताईला सांगितलं होतं, टाके बघायला म्हणून मोठ्या आनंदाने ताईच्या सासरी गेल्या. दारात सासू होती. "सून कशी आहे? बरं केलंत तुम्ही, शहाणपणा केला," असं त्या म्हणाल्या. सासूला काही कळेना. नर्सबाईंनी कागद दाखवला. "हे बघा ना, तुमच्या मुलानेच सही केलीय."

"माझा पोरगा?" सासू म्हणाली. "त्यो तर आंगठा लावतो."

दाजी वसतिगृहावर आले ती दुपारची वेळ होती. जेवणाची घंटा होऊन गेली होती. ते फाटकाबाहेर उकिडवे बसले होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. मी त्यांच्यासमोर बसलो. मारतील असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"वही आण," ते म्हणाले.

मी खोलीतून वही आणली.

"काढ. माझी सही काढ. मला बघू दे कशी असती."

मी पेन उघडलं. ते वाट बघत राहिले. मी लिहिली. त्यांनी वही हातात घेऊन लांब धरली, जवळ धरली. "येवढी अक्षरं हायेत माझ्या नावात?" ते म्हणाले. मग वही परत दिली.

"दाजी, नर्सबाई म्हणाल्या होत्या, ताई वाचली नसती."

"मला म्हाईत हाय."

"मग तुम्ही..."

"मी नायच म्हणलो असतो," दाजी म्हणाले. "आई हाय घरात. पण तू मला इचारायचं. चार बायांच्या म्होरं तू तिचा नवरा झाला. पाड्यावर पोरं मला काय इचारत्यात, सांगू?"

मी वही मिटली.

"तिला तिच्या बापाकडं घातली. पोरं माझ्याकडं ऱ्हातील. धाकटी पिती म्हणून तिच्यासंगं दिली. दूध सुटलं की तीपण आणीन."

ते उठले, धोतर झटकलं आणि बसस्टँडच्या दिशेने चालत गेले. मी एसटीच्या तिकिटाचंही विचारलं नाही.

आठवड्याने मी घरी गेलो. वडील ओटीवर बसून दोर वळत होते, त्यांनी माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. ताई घरामागे होती. धाकटीला पाजत होती. सव्वा वर्षाची झालेली पोर, दात आलेली. ती भाकरी खाऊ शकत होती, पण ताई तिला भाकरी देत नव्हती. का, ते मला उशिरा कळलं.

"ताई, माझं चुकलं."

"मीच म्हणले ना, हा काय म्हणून. तू कशाला रडतो?" ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "मोठी पोरगी दिसली का रस्त्यात कुठं? केस कोण इंचरतं तिचं?"

मला काही दिसलं नव्हतं. मी दिसली म्हणालो, चांगली आहे म्हणालो. तेव्हा ती जेवली.

निघताना वडील म्हणाले, "तू आता येऊ नको. बोलणी चालू हायेत. तू दिसला की त्यांची माणसं उठून जात्यात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. फक्त मला तिथून हलवायचं होतं.

मी गेलो नाही. परीक्षा झाली, सुट्टी वसतिगृहात काढली. पाड्यावर फोन नव्हता. आश्रमशाळेच्या गावात एका किराणा दुकानात होता, तिथे मी दर रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायचो. दुकानदार म्हणायचा, "सांगतो निरोप." कधी म्हणायचा, "तुझा बाप आला होता, काही बोलला नाही." पाऊस लागला आणि रस्ता खचला, मग फोनही लागेना. मी रात्रंदिवस एकच हिशोब करायचो. धाकटी किती महिन्यांची झाली असेल. ती अजून पीत असेल का.

तिसऱ्या वर्षाला लोकसंख्येचा पाठ वर्गात पुन्हा आला. सरांनी मला उभं करून गेल्या वर्षीच्या निबंधातलं ते वाक्य म्हणायला सांगितलं. मला ते पाठ होतं. मी उभा राहिलो. अज्ञान या शब्दाशी आलो आणि पुढे जाता आलं नाही. ते वाक्य खोटं आहे, असं मी म्हणू शकत नव्हतो. पाड्यावर एवढी मुलं नसती तर एवढी भूक नसती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण त्यात ताई कुठे बसते, ती सासू कुठे बसते, अंगणातून गेलेली दोन कुठे बसतात, ते मला कळत नव्हतं. सरांनी बस म्हटलं. मी बसलो.

दिवाळीनंतर एका सकाळी जुन्या स्टँडवर आमच्या गावचा वडापची जीप चालवणारा भेटला. त्याने मला लांबूनच ओळखलं. मी धावत गेलो. माझ्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला, "आरं, तुला कुणी सांगितलंच नाय?"

त्याने काच पुसता पुसता सगळं सांगितलं. ताई सासरी होती. वैशाखातच गेली होती, आपल्या पायांनी, धाकटीला कडेवर घेऊन. एकटी गेली नव्हती. सोबत आईच्या नात्यातली एक तरणी विधवा होती, मूलबाळ नसलेली. तिला ताईने स्वतः जाऊन विचारलं होतं, वडिलांनाही न सांगता. सासूच्या अंगणात उभं राहून ताई म्हणाली, तुम्हाला पोरगा पाहिजे, तो ही देईल. मला माझी पोरं पाहिजेत. दाजी उठून शेतावर गेले, ते अंधार पडल्यावर आले म्हणे. आठ दिवसांनी त्या विधवेशी दाजींचा पाट लागला.

"तुझी ताई ब्येस हाय," तो म्हणाला. "अंग धरलंय. कालच मुकादमाचा टेम्पो गेला पिंपळगावला. ती, नवरा, चारी पोरं, समदी गेली. दुसरी घरीच ऱ्हायली, सासूपाशी. तिला सहावा म्हैना लागलाय."